सतरा नावांचा सातबारा

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान झालेले मान्यवर, आज वकिलीतून निवृत्त होणारे सत्कारमूर्ती भिकाजीराव, आणि चहा गार होत असतानाही माझ्याकडे बघण्याचं सौजन्य दाखवणारे महाड-पोलादपूरचे माझे वकीलबंधू व नागरिक, सर्वांना नमस्कार.

माझ्या आधीच्या चार वक्त्यांनी भिकाजीरावांना 'गरिबांचे कैवारी' म्हटलं. मी सहा वर्षं त्यांचा ज्युनिअर होतो. त्यामुळे तो कैवार मी फार जवळून पाहिला आहे. त्यातला एकच प्रसंग सांगतो, शाल देण्याआधी तो सभागृहाला माहीत असलेला बरा.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. बिरवाडीच्या तय्यबचा टेम्पो नाते गावच्या रस्त्यावर एका सायकलला घासला. सायकलवरच्या रितेश नावाच्या पोराचा पाय ठेचला. तय्यबने त्याला स्वतः दवाखान्यात नेलं, तिथून स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन वर्दी दिली, आणि या प्रामाणिकपणाबद्दल शनिवारी दुपारी त्याला अटक झाली. घरी त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. बायको महरुन्निसा धावत आमच्या ऑफिसात आली.

आता नागरिकांसाठी थोडं कायद्याचं बोलतो, वकिलांनी हवं तर झोप काढावी. हा गुन्हा जामीनपात्र. म्हणजे सुटका हा आरोपीचा हक्क. त्यासाठी कोर्ट लागत नाही, काळा कोटही लागत नाही. लायक जामीनदार उभा राहिला की ठाणे अंमलदाराने कागदावर सही घ्यायची आणि माणसाला घरी पाठवायचं. जामीनदार नसेल तर त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावरही सोडता येतं. मोठ्या, अजामीनपात्र गुन्ह्यात कोर्टाची मर्जी येते. इथे मर्जीचा प्रश्नच नव्हता. पण ठाण्यातून परस्पर सुटलेला माणूस वकिलाच्या पायऱ्या कशाला चढेल?

जामीनदार तर आपण होऊन आला. नाते गावचे भागोजी, आणि हे भागोजी कोण, तर ज्याचा पाय ठेचला त्या रितेशचे सख्खे चुलते. हातात सातबारा घेऊन आले. आपल्याकडे वाटणी घरात होते, कागदावर होत नाही. त्या उताऱ्यावर सतरा नावं, त्यातली तीन माणसं कधीच वारलेली. भिकाजीरावांनी उतारा दोन बोटांत धरला आणि सांगितलं, सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा. कुठल्या कायद्यात आहे हे? मी अजून शोधतो आहे. भागोजींनी मात्र विश्वास ठेवला. गावात घरोघर फिरून त्यांनी स्वतःचा धरून दहा अंगठे गोळा केले. चार हिस्सेदार मुंबईला होते. मेलेल्यांचं काय करायचं, हे विचारायला ते बिचारे परत आले!

मधल्या वेळात अंमलदाराचा फोन आला होता, जामीन देताय का म्हणून. आमचे कैवारी म्हणाले, "कशाला घाई? उद्या कोर्टापुढेच बघू."

रविवारी सकाळी तय्यबचे वडील गेले. महरुन्निसा पुन्हा आली. दफन दुपारी, जोहरच्या नमाजानंतर आहे, एकुलता मुलगा आहे, तेवढ्यापुरता तरी त्याला आणा, असं ती म्हणत होती. भिकाजीरावांनी तिला बसायला खुर्ची दिली. हे मान्य केलं पाहिजे, खुर्ची दिली. अर्ज तयार आहे, चार वाजता साहेबांच्या बंगल्यावर नेतो, म्हणाले. ठाणं आमच्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटांवर होतं.

चार वाजता मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद पाहिले आणि विचारलं, हा माणूस कालच का सुटला नाही?

"जामीनदार मिळाला नाही, साहेब," भिकाजीराव म्हणाले. मागून भागोजी पुढे आले. "साहेब, मी कालपास्नं हितंच हाय. पुतण्या माझाच हाय, माझी तक्रार नाय. ह्याचा बाप गेलाय, ह्याला सोडा."

साहेबांनी दोन मिनिटांत जातमुचलक्यावर सोडलं. पण तोवर कबरस्तानातली माणसं हातपाय धुऊन घरी गेली होती. तय्यबला बापाच्या कबरीवर मूठभर मातीही टाकता आली नाही.

मंडळी, तो अर्ज माझ्या हातचा होता. अक्षर सुरेख होतं, भिकाजीरावांनी कौतुकही केलं. महरुन्निसा समोर बसलेली असताना मला कायदा पाठ होता, आणि मी समासाची रेघ मारत होतो. भिकाजीरावांची मला कीव येते. स्वतःची तेवढीही येत नाही.

संयोजकांनी बोलण्याची संधी दिली, त्यांचे आभार. अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, त्यांचेही. भाषणात काही अधिकउणं झालं असेल तर या सभागृहाने मोठ्या मनाने सोडून द्यावं.

त्या रविवारची क्षमा मात्र या सभागृहाने द्यायची नाही. सर्वांत मागच्या रांगेत, दाराशी, तय्यब बसला आहे. मीच त्याला बोलावलं. सात वर्षांत त्याच्यापुढे जायची माझी हिंमत झाली नव्हती. भिकाजीराव, शाल राहू द्या खुर्चीवर आणि खाली या. तुमची वाट न बघता मी उतरतो आहे.