विमानवाल्या पोरींचं भांडन

...आन पानी कामून दिलं? मी इचारतो, ज्या मानसाच्या विरोधात तुमी धरन्यावर बसल्याव, त्यो मानूस गाडीतून उतरला की दोनशे पोरी उठून उभ्या राहतेत, हात जोडून 'गुड मॉर्निंग सर' म्हन्तेत, आन त्याला पान्याची बाटली देतेत, ती बी टोपन सैल करून... टोपन सैल करून, तुमाला सांगतो! म्हन्जे साहेबाच्या बोटाला तरास नको. त्यो साहेब पानी पिला, 'थँक्यू' म्हन्ला आन वर जाऊन ह्याच पोरींचा पगार कापायला बसला. मी माझ्या डोळ्यानं बघितलं. आता तुमीच सांगा, याला भांडन म्हन्तेत का?

न्हाई, हासू नका. मी बन्सीधर, पूर्णा जंक्शनला रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बावीस वर्षं युनियनच्या शाखेचा सेक्रेटरी, मला कधी माईक लागला न्हाई, ह्या प्लॅटफॉर्मवर बोललो की त्या प्लॅटफॉर्मवरचा चहावाला किटली खाली ठिवायचा. आन माझ्या पोटी ही अर्पिता. विमानात हाय पोरगी, हैदराबादला राहती. हवाईसुंदरी म्हन्लं की चिडती, केबिन क्रू म्हना म्हन्ती. बरं बाई, क्रू. तर त्या क्रूच्या कंपनीचं निघालं दिवाळं. विमानं उडायलेत, मानसं बसायलेत, खिडकीसाठी भांडायलेत, तरी दिवाळं कसं निघतं ते मला अजून उमगलं न्हाई, पन निघालं. मंग कोर्टानं कंपनी चालवायला एक साहेब बसवला. साहेबानं पयल्याच दिवशी पोरींचा जुना करार काढला आन लाल पेन घिऊन बसला. पगार कमी. सुट्ट्या कमी. बावन्न पोरी घरी. आन कलम अकरा, रद्द.

कलम अकरा काय ते आधी ऐका, कारन माझा जीव तिथंच अडकलेला. ज्या लेकराच्या नौकरीला दोन वर्षं झाली, त्याच्या माय-बापाला वर्षातून एकदा विमानात फुकट फिरवून आनायचं, असं ते कलम. अर्पिताची दोन वर्षं दिवाळीला भरनार व्हती. आमच्या घरच्या सुमनबाईनं साडी काढून ठिवलेली, धपाटे किती न्यायचे ते बी ठरवलेलं. मी म्हन्लं, "आगं, तपासतेत तिथं, सगळं नेऊ देत न्हाईत." तर म्हन्ली, "पोरगीच दारात उभी राहनार हाय, मला कोन आडवतंय?" छत्तीस वर्षं हिला रेल्वेच्या पासावर फिरवलं, एकदा बी खुश झाल्याचं दाखवलं न्हाई, आन विमानाचं नाव काढलं की नवरीवानी लाजायली. मला बी लय वाटायलं व्हतं, खोटं कशाला बोलू? अर्ध्या पूर्ण्याला मी सांगून बसलो व्हतो, दिवाळीला आमी वर.

म्हनून म्हन्लं, लढायचं. अर्पिता युनियनच्या कमिटीवर, तिला दोन दिवस घरी बोलावून घेतलं. साहेबाला धाडायचं पत्र दाखव म्हन्लं. तिनं वाचलं, "आदरणीय महोदय, आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत..." मी म्हन्लं थांब, गैरसोय तुमची व्हायली का त्याची? तर म्हन्ती, "पप्पा, आमच्याकडं सगळं असंच सुरू होतं." बरं. मंग तिला गच्चीवर नेलं, घोषना शिकवायला. मी सुरुवात करून दिली, "हमारी युनियन..." आन ही माझी लेक, दोन्ही हात समोर बांधून, मान जराशी वाकडी करून, गोड आवाजात, एकेक शब्द वेगळा, "झिंदाबाद. धन्यवाद." शेजारच्या गच्चीवरून आमचा शिवप्रसाद, त्यो बी रेल्वेतूनच रिटायर झालेला, डोकं काढून इचारायला लागला, "बन्सीभाऊ, कोनती गाडी लेट हाय?" आता याला भांडन म्हन्तेत का? मी खाली यिऊन गप जेवलो.

मंग मीच गेलो हैदराबादला धरन्यावर. तिथलं पान्याच्या बाटलीचं तुमाला सांगितलंच. पन बाकीचं बी काय सांगू... निषेध म्हनून काळ्या फिती लावलेल्या, तर सगळ्यांच्या फिती एकाच उंचीवर, एक पोरगी पट्टी घिऊन मोजायली व्हती. सतरंजीवर अशा रांगा, की मधून खान्याची गाडी ढकलत न्यावी. मी उठून एक घोषना ठोकली तर चार पोरी धावत आल्या, "सर, तुम्हाला बरं वाटत नाही का? थोडं मागं टेकून बसता का?" आन माझ्या पाठीमागं उशी लावली. बावीस वर्षांत माझ्या पाठीत लाठी बसली, उशी कधी बसली नव्हती.

तरी मी हटलो न्हाई. म्हन्लं, आता आपलं जुनं हत्यार. नियमानं काम. तुमाला ठाऊक नसन, आमच्या रेल्वेत संप करायचा नसला की आमी नियमानं काम करायचो. पुस्तकात जे जे लिवलंय ते सगळं करायचं, एक सुद्धा सोडायचं न्हाई. प्रत्येक बोल्ट ठोकून बघा, प्रत्येक कागदावर सही घ्या, हळू म्हन्लं तिथं हळूच जा. अर्ध्या तासाच्या वाटेला गाडीला तीन तास लागायचे आन कोनी आमाला बोट लावू शकायचं न्हाई, कारन आमी तर नियम पाळायलो. मी अर्पिताला म्हन्लं, सोमवारपासून नियमानं काम, बघ कशी विमानं जागेवर बसतेत.

सोमवार आला. विमानं वेळेवर. मंगळवार, वेळेवर. बुधवारी तर दोन विमानं दहा मिनटं आधी निघाली. मी फोन लावला, म्हन्लं काय करायल्याव तुमी? तर म्हन्ती, "पप्पा, आम्ही रोजच नियमानं काम करतो. विमान आहे ते. नियम सोडला तर पडतं." इतके दिवस जरा हयगय व्हत व्हती ती बी त्या हफ्त्यात बंद झाली, आन साहेबानं सगळ्यांना कौतुकाचं पत्र धाडलं. अर्पितानं त्याला उलट उत्तर दिलं, आभारी आहोत म्हनून. याला भांडन म्हन्तेत का? मी दोन दिवस घराच्या बाहेर निघालो न्हाई, शिवप्रसाद भेटला तर काय सांगू म्हनून.

पन पोरगी शेवटी माझीच. पुढच्या हफ्त्यात गुरुवारी तिचा फोन. म्हन्ली, "पप्पा, मी नियमाचं पुस्तक रात्रभर वाचलं. त्यात सगळं आहे, पण हसायचं कुठंच लिहिलेलं नाही." मी म्हन्लं, मंग? म्हन्ली, "मग आम्ही हसणं बंद करतोय."

मला वाटलं, झालं, पोरीचं डोकं गेलं. हासनं बंद केल्यानं दुनियेत कोनता मालक नमलाय? आमी तर नौकरीत कधी हासलोच न्हाई, तिकिटाच्या खिडकीवरचा मानूस हासला तर पब्लिक पैसे दोनदा मोजन. पन विमानाचं गनित उलटंच निघालं. शुक्रवारी सकाळी मानसं विमानात चढली, दारात पोरगी उभी, नमस्कार बरोबर, बोलनं बरोबर, फक्त तोंडावर हासू न्हाई. पयला मानूस जागेवर बसला आन बाजूच्याला म्हन्ला, "काही तरी झालंय." ती पोरगी गंभीर तोंडानं पट्टा कसा लावायचा ते दाखवायली, तर आख्खं विमान कान टवकारून ऐकायलं, जे आजवर कोनी ऐकलं न्हाई. एक म्हातारी रडायला लागली. एक जाडजूड शेट उठला, म्हन्ला, "मॅडम, खरं सांगा, इंजिन का पंख?" ती म्हन्ली, "सर, सर्व काही सुरळीत आहे." न हासता म्हन्ली. शेट बॅग घिऊन खाली उतरला. शनवारी तीस मानसं उतरली, आयतवारी लोकं तिकिटंच रद्द करायला लागली, आन सोमवारी सकाळी साहेबानं कमिटीला वर बोलावलं. ह्या टायमाला पानी त्यानं दिलं.

दुपारी मी गच्चीवर बसलो व्हतो, अर्पिताचा फोन. आवाज बारीक. "पप्पा, साहेब बऱ्याच गोष्टींवर तयार झालेत. पगार थोडाच कमी होईल, सुट्ट्या राहतील. पण एक अडलंय. एक तर त्या बावन्न जणी जातील, नाही तर आपल्याला करारातलं एक कलम सोडावं लागेल. काय करू?" आता मला सांगा, बावीस वर्षं शाखेचा सेक्रेटरी राहिलेल्या मानसाला कोनी असं इचारावं, आन ते बी रिटायर झाल्यावर, जवा घरात भाजी कोनती आनायची ते बी कोनी इचारत न्हाई... मी उठून उभा राहिलो. म्हन्लं, "कलम सोड, मानूस सोडू नको. कागद पुन्हा लिवता येतो." ती म्हन्ली, "नक्की ना पप्पा?" म्हन्लं, "नक्की म्हन्जे काय, बापाची जबान हाय." मंग म्हन्ली, "आईला सांगा," आन फोन ठिवला.

मी खाली आलो, छाती पुढं काढून सुमनबाईला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडायली व्हती. मान वर न करता म्हन्ली, "कोनतं कलम, ते तरी इचारलं का?"

...

आता न्हाई इचारलं. खरं सांगतो, इचारलं असतं तरी उत्तर हेच दिलं असतं, तोंडातून निघायला दोन मिनटं जास्त लागली असती, एवढंच. बावन्न लेकरांच्या पोटापुढं आमचं फिरनं काय मोठं? सुमनबाई बी तेच म्हन्ली. साडी घडी करून परत ठिवली, एक शब्द वाकडा बोलली न्हाई, आन त्याचंच मला लय लागलं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडन मला सोसतं.

आता रोज सांजच्याला आमी दोघं गच्चीवर बसतो. वरून एखादं विमान गेलं की ही उठून हात हलवती. काल मी म्हन्लं, "बस खाली, ती आपली कंपनी न्हाई." तर म्हन्ली, "असू द्या की, आत कुनाची तरी लेक असनच." मंग काय, मी बी उठलो, हात वर केला. तर सुमनबाई माझ्याकडं बघून म्हन्ली, "आवो, मूठ सोडा. लेकराला टाटा करायलाव का साहेबाला घेराव घालायलाव?"

सोडली मूठ. काय करता.