देवघरातला पेन ड्राइव्ह

काहीही मागा, पण आमच्या घरी पेन ड्राइव्ह तेवढा मागू नका.

माझा कॉलेजातला छोटा लॅपटॉप, कंधारच्या माहेराहून आणलेला; त्यात जागा जेमतेम बत्तीस जीबी. अपडेटसुद्धा मावेना. हे म्हणाले, "सगळं काढून हलकी सिस्टीम टाकतो." त्यासाठी आधी एक पेन ड्राइव्ह कोरा करावा लागतो.

मी चहा घेऊन गेले, तर यांची बोटं लाल.

"हा लॅपटॉपला दिसूनच नाही राहिला."

"कुठून घेतला?"

"देवघरातून. रिकामाच असेल."

त्यात आमच्या लग्नाचे फोटो होते. फोटोग्राफरने त्याच्याकडचे कधीच उडवले होते, म्हणून सासूबाईंनी तो देवापाशी ठेवला होता आणि रोज त्याला हळद-कुंकू वाहत होत्या. मी चहा तिथंच टेबलावर ठेवला.

"पुसला का हो?"

"पुसायला आधी दिसाय पाहिजे ना. तोंडात कुंकू गच्च बसलंय."

जुन्या ब्रशने ते झाडलं आणि पुन्हा लावून पाहिलं. सगळे फोटो होते, यांच्या वाकड्या मुंडावळ्यांसकट. सिस्टीम मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून टाकली.

"आई, पेन ड्राइव्हला कुणी कुंकू लावतं का?" यांनी विचारलं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "लावलं म्हणून तुझी बायको हितं हाय. न्हाईतर आज कंधारच्या बसमधी असती."