आत्यांची गोळी

माझं माहेर केमचं, टेसनाच्या पल्याड आमची वस्ती. लगीन होऊन हितं भवानी पेठंत आले तवा, काय सांगू तुमाला, नुसती टावेल विणायच्या मागाची खडखड, झोप म्हणून लागायची न्हाय. नवरा, आधी मी मालक म्हणायची, आता नवरा म्हणते, मागावर कामाला. हात लई चांगला त्याचा, शेट दुसऱ्यांवर वरडायचा पर ह्याला बोलायचा न्हाय. मी घरी टावेलाच्या कडा शिवायची, अजून शिवते.

मग ह्याची कंबर धरली. डॉक्टरनं गोळी दिली, थोडे दिवसच घ्या म्हणला, पर ह्यानं ती सोडलीच न्हाय. गोळी घेतली की डबल पाळी करायचा, मलाबी बरं वाटायचं, चार पैसं जास्त येतात की. फुडं गोळ्या वाढल्या, हात कापाय लागला, तुटलेला धागा दिसंना, कापड खराब व्हाय लागलं. शेटनं घरी बसवला. मग दवाखान्यात ठिवून गोळी सोडवली. मला वाटलं, सुटली.

त्यातच सासूला कॅन्सर निघाला. आत्या म्हणायची मी त्यांना, माझी आई लवकर गेली, तर आईच मानलं. दुखण्याची कडक गोळी मोठ्या दवाखान्यातनंच आणाय लागायची, माझं काम बुडायचं, वर रिक्षाचं भाडं. पोरीची नर्सिंगची फी साठवलेली, ती त्यात गेली. तिला म्हणलं, आधी आजीचं दुखणं बघू. माझ्या हातानं मी आत्यांच्या तोंडात गोळी द्यायची, पाणी पाजायची, तरी त्या कण्हायच्याच. मी जाऊन गोळ्या देणाऱ्याशी भांडले, नकली माल देताय व्हय म्हातारीला. त्यो बिचारा पाकिटावरचं नाव दाखवत ऱ्हायला.

एकदा पाणी पाजून भाईर गेले आन कात्री राहिली म्हणून माघारी आले, तर आत्यांनी गालातनं गोळी काढली, पदराला पुसली आन ह्याच्या हातावर ठिवली. ह्यो हात पसरून बसलेला. मी म्हणलं, आत्या, हे काय वो. तर म्हणल्या, त्याला सोसत न्हाय गं, मला सवय हाय.

लेकाचं दुखणं दिसलं त्यांना, माझं न्हाय दिसलं, नातीचंबी न्हाय. रोज मला फसवलं दोघांनी, तेबी माझ्याच हातानं.

आत्या गेल्या, तशाच कण्हत गेल्या. ह्यो परत दवाखान्यात जातोय, सुटंल तवा खरं. पोरगी माझ्याशेजारी बसून टावेल शिवती. गल्लीतल्या बाया म्हणत्यात, सासूची लई सेवा केलीस, पुण्य लागंल तुला. लागलंच तर पोरीला लागू दे बाई, फी तिची गेलीया.