सुकतीच्या दिवसांची हजेरी

या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती आणि माझे एके काळचे विद्यार्थी आप्पासाहेब सुर्वे. आपल्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक माननीय काळभोर सर. व्यासपीठावरील इतर मान्यवर. माझे सहकारी शिक्षक, शिपाईबंधू, पालकवर्ग, आणि मागे दाटीवाटीने बसलेल्या माझ्या विद्यार्थिमित्रांनो,

आज शुक्रवार आहे. मला जुम्म्याच्या नमाजला वेळेवर पोचायचे आहे, त्यामुळे हमीद मास्तर फार ताणणार नाही, एवढा दिलासा सुरुवातीलाच देऊन ठेवतो. आप्पासाहेब हसले. त्यांना वर्गातला अनुभव आहे.

आत्ताच काळभोर सरांनी माझे मानपत्र वाचले. भाषा फार सुंदर. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविषयी एवढे चांगले मी कधी ऐकले नव्हते. माझ्या लग्नातसुद्धा नाही. त्यात एक वाक्य आहे, ‘सायंकालीन अभ्यासिका, पुस्तकपेढी आणि अडचणीतील विद्यार्थ्यांना मार्गदर्शन या सुविधांचे ते जनक होत.’ मी ऋणी आहे. पण सर, याच महिन्याच्या बारा तारखेला आपल्याच सहीचे परिपत्रक निघाले, की सदर अभ्यासिका विनापरवाना असल्याने तात्काळ बंद करण्यात यावी. आता ज्याचे मूल परवा गेले त्या बापाला आज हार घालायचा, ही कुठली रीत म्हणायची?

रागावू नका. आणि रागावलात तरी चालेल. आजपासून माझा गोपनीय अहवाल कोणी लिहायचा नाही.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थोडे सांगायला हवे. आपल्या शाळेत दरवर्षी तीस-चाळीस मुले खाडीपलीकडून येतात. काही मोहल्ल्यातली, काही कुणबीवाडीतली. पूल नाही. भागोजीची होडी आहे. भरतीला ती धक्क्याला लागते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आमच्या खाडीत पाण्यापेक्षा गाळ जास्त. होडी मध्येच बसते, आणि मुले एक तर पाणी चढायची वाट बघतात, नाहीतर दप्तर डोक्यावर घेऊन चिखल तुडवीत येतात. अष्टमीच्या आगेमागे ही सुकती नेमकी सकाळी शाळेच्या वेळेला असते. पुनवेला आणि अवसेला ती संध्याकाळी, घरी जायच्या वेळेला. भागोजी तिथीवरून सांगतो, माझी बायको चाँद बघून सांगते, आणि खाडी दोघांचेही ऐकते. आमची साडेदहाची घंटा तेवढी ती ऐकत नाही.

सहा वर्षांपूर्वी आपल्या शिक्षकसभेत एक ठराव झाला. तीन वेळा उशीर म्हणजे एक गैरहजेरी. मुलांना शिस्त लागावी म्हणून. काळभोर सर तेव्हा देशावर होते, त्यांना बोल लावू नका. सरकारचाही हा नियम नव्हे. हा आपला घरचा. मग मांडला कोणी? मी मांडला. आजच्या सत्कारमूर्तीने. टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

मी भूगोल शिकवतो. भरती-ओहोटीचा धडा तोपर्यंत मी सव्वीस वर्षे शिकवला होता, फळ्यावर चंद्र-सूर्य काढून, रंगीत खडूने. आडनाव होडेकर. आणि होडीत कधी पाय ठेवला नव्हता! संगमेश्वरचा माणूस मी, मला पोहतासुद्धा येत नाही. पलीकडची मुले उशिरा का येतात, हे विचारावे असे माझ्या मनातही आले नाही. आळशी आहेत, असे धरून चाललो होतो.

त्या वर्षी दहावीत मैमुना नावाची मुलगी होती. मोहल्ल्यातून दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. बाप कुवेतला, घरी आई आणि धाकटी भावंडे. परीक्षेचा फॉर्म भरायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, तिला ती चार दिवसांनी कमी पडली. ते चार दिवस म्हणजे बारा उशीर, आणि ते बाराही माझ्या अक्षरात लिहिलेले. फॉर्म भरला गेला नाही. तिची आई मला भेटायला आली. ती रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, “मास्तर, पोर उशिरा यायची, पन यायची ना?”

मी तिला नियम समजावून सांगितला. माझ्याकडे दुसरे होते काय?

नाताळच्या सुटीनंतर मुलगी शाळेत दिसेना, तेव्हा तिला परत आणावे म्हणून मी एका सकाळी खाडीवर गेलो. योगायोगाने अष्टमी होती. भागोजी म्हणाला, “बसा मास्तरानू, पानी नाय.” मी त्याला घड्याळ दाखवले. म्हटले, मला शाळा आहे, मी थांबू शकत नाही. तो बिडी विझवत म्हणाला, “पोरां पन ह्याच सांगत व्हती. तुमी कदी आयकलाव?”

मी पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि गाळात उतरलो. मधे एकदा पाय सरकून खालीच बसलो. पलीकडे पोचायला मला पाऊण तास लागला. मैमुनाचे लग्न ठरले होते. ती दारात उभी होती. तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि पाय धुवायला पाणी आणून दिले. मला लाज वाटली. आजही, इथे तुमच्यासमोर, वाटते आहे.

त्या दिवसापासून सुकतीचा उशीर माझ्या हजेरीपटात उशीर म्हणून लागला नाही. मूल आले तर हजर. भागोजीकडून तिथ्या विचारून मी शिक्षकखोलीत वेळापत्रक टांगले आणि अष्टमीच्या सुमाराचे गणिताचे तास दुपारी नेले. पुनव-अवसेला मुले सात-सात वाजेपर्यंत अलीकडेच अडकायची, धक्क्यावर गोट्या खेळत बसायची. त्यांना प्रयोगशाळेत आणून बसवले. हीच ती सायंकालीन अभ्यासिका. नाव केवढे आणि खोली केवढी! कपाटातली जुनी पुस्तके वाटली, ती पुस्तकपेढी. आणि मार्गदर्शन म्हणजे काय म्हणाल, तर कुणबीवाडीच्या सदूला मी विचारले, पुढे काय करणार? म्हणाला, मुंबईला चुलत्याकडे जाणार. म्हटले, जा की, पण दहावी होऊन जा. तो झाला आणि गेला. याच्यापलीकडे मला मार्गदर्शन येत नाही.

मानपत्रात एक नाव राहून गेले, ते मी घेतो. शाळेची झाडलोट करणाऱ्या आपल्या गंगुबाई. अभ्यासिकेच्या दिवशी त्या घरून पेजेचे पातेले घेऊन यायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, “गुरुजी, आदी पेज, मंग गनित. उपाशी पोरास काय समाजनार?” बी.एड.ला हे मला कोणी शिकवले नव्हते. गंगुबाई, उगाच खांबाआड लपू नका, दिसताय.

पाच वर्षांत पलीकडची तेवीस मुले या शाळेतून दहावी झाली. त्याआधी किती झाली होती? हवे तर कार्यालयात विचारा. मला ठाऊक आहे, पण आज समारंभ आहे.

यंदा जूनमध्ये काळभोर सर आले. सचोटीचा माणूस, पाच मिनिटे आधी शाळेत हजर, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी मला बोलावून विचारले, “होडेकर, ही मुले काल अकराला आली, आज साडेअकराला. तुमची ओहोटी रोज एका वेळेला का येत नाही?” मी म्हटले, “सर, भूगोलाच्या पुस्तकात दिले आहे, आणून देऊ?” सर म्हणाले, “पुस्तकाचे राहू द्या, नियमाचे बोला.” सर, पुस्तकातली ओहोटी खरी आणि खाडीतली खोटी, हे कसे काय? परीक्षेत तिच्यावर पाच गुण द्यायचे आणि तिच्यापायी परीक्षेलाच बसू द्यायचे नाही?

काल मला तोंडी सांगण्यात आले, की दहावीचा हजेरीपट दुरुस्त करून, सही करून समारंभाआधी कार्यालयात द्यावा. दुरुस्त करणे म्हणजे नऊ मुलांच्या नावांपुढे सुकतीचे उशीर भरणे. तसे केले की नऊच्या नऊ पंचाहत्तरच्या खाली जातात. सोमवारी फॉर्म बोर्डाकडे रवाना होतात, त्यांत त्यांचे नसतील. या नवांमध्ये रझिया आहे, मैमुनाची धाकटी बहीण.

सरांचे म्हणणे मी झाकून ठेवत नाही. उद्या तपासणी झाली आणि हे उघडकीस आले, तर ठपका शाळेवर येईल. बरोबर आहे. येऊ द्या, माझे नाव सांगा. पण मी खोटी हजेरी लावलेली नाही. यंदाच्या पावसात होडी अठरा दिवस बंद होती, ते अठराही दिवस मी या मुलांना गैरहजर लिहिले आहे. आली नाहीत तेव्हा नाहीत. आली तेव्हा आहेत. यात दुरुस्त करण्यासारखे काय आहे, ते मला कोणीतरी समजावून...

केरू, काय चालले आहे तिकडे? दार का लावतोस? समारंभ सुरू झाल्यावर कोणाला आत घ्यायचे नाही, असा हुकूम आहे? कोणाचा? बरे, नाव नको घेऊस, तुझी नोकरी अजून बाकी आहे. पण दार उघड. मी सांगितले म्हणून उघड. आज शुद्ध अष्टमी आहे.

या रे, आत या. घाबरू नका. मंडळी, जरा वळून बघता का? कोपरापर्यंत चिखल आहे या पोराला. हा लवू, पडला असणार. रझिया, किती वाजता निघालात घरून? मोठ्याने सांग. साडेनऊ. ऐकलेत ना? आज तास नाहीत, फक्त एका म्हाताऱ्या मास्तराचा निरोप आहे. नसती आली तर कोणी विचारले असते?

हजेरीपट माझ्याकडेच आहे. कार्यालयात दिला नाही, पिशवीत घालून इथे घेऊन आलो. नऊ नावे आहेत. लवू. हजर. रझिया. हजर. तुळसा. हजर. अली. हजर. तुम्ही पाचजणही आहात, मला दिसताय, हात खाली घ्या. नऊ हजर. खाली लिहितो: अकरा वाजून वीस मिनिटे, सुकती. हमीद होडेकर, सहायक शिक्षक, तीस नोव्हेंबर. ही माझ्या नोकरीतली शेवटची सही.

आप्पासाहेब, हा हजेरीपट मी भरसभेत तुमच्या हाती देतो. सोमवारी फॉर्म जातील ते याच पानांवरून गेले पाहिजेत. यात लाल शाईने काही भरायचे ज्यांच्या मनात असेल, त्यांनी आत्ता पुढे यावे आणि या नऊजणांच्या देखत भरावे. पेन माझे घ्या.

कोणी उठत नाही. मी थोडा थांबतो.

बरे. आप्पासाहेबांनी हजेरीपट मिटून आपल्या मांडीवर ठेवला आहे. काळभोर सर, आपणही पाहिलेत. मी तुमच्यावर खूष आहे असे म्हणणार नाही, पण तुम्ही उठला नाहीत, हे मी लक्षात ठेवीन.

आता अभ्यासिकेचे. ती शाळेत भरणार नाही, परिपत्रकाचा मान राखू. येत्या पुनवेपासून ती धक्क्यावर भागोजीच्या खोपीत भरेल. कंदील माझा, पेज गंगुबाईंची. धक्का शाळेच्या हद्दीत येत नाही, तेव्हा परिपत्रक तिथे पाठवायचे तर होडीने पाठवावे लागेल.

अध्यक्ष महाराज, आपण मला एवढा वेळ बोलू दिलेत, आपले आभार. मानपत्राबद्दल काळभोर सरांचे, हारासाठी शिक्षकबंधूंचे, आणि बत्तीस वर्षे माझी रंगीत खडूची चित्रे सहन केल्याबद्दल विद्यार्थ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कमी-अधिक शब्द गेला असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला. व्यासपीठापर्यंतच्या जाजमाला चिखल लागला आहे, त्याची क्षमा मात्र मी मागत नाही.

पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. मुलांनो, बसा तिथे.