सूज दिसली तेव्हा

—छे हो, दुखत नाही अजिबात! परवा सुई टोचली ना, तेवढंच काय ते दुखणं. आता नुसतं पडून राहायचं, वरून तो कॅमेरा येतो — कॅमेरा म्हणजे आपला फोटोवाला नव्हे, मोठं पातेलं उपडं टांगल्यासारखं — छातीजवळ येतो नि थांबतो. हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही. ते जुलाबाचं औषध घेतलंत ना काल? मग झालं, सगळ्यात अवघड तेच होतं! कुठून आलात? जासई? बाप रे, त्या कंटेनरच्या गाड्यांमधून? नाव काय तुमचं — बतूल. छान आहे. मी चारुलता, कोपरखैरण्याला राहते, शाळेत गणित शिकवते. तुमचीही छाती धडधडते? एकदम सुरू होतं? हां, तेच ते.

माझं सांगू? फळ्यावर लिहिता लिहिता सुरू व्हायचं — छातीत कुणी रिकामा डबा खडखडवतंय असं. डोळ्यापुढे अंधारी. रिक्षा करून दवाखाना गाठावा, तर पोचेपर्यंत ठोके आपले ताळ्यावर. कार्डिओग्राम नॉर्मल! दर वेळी नॉर्मल! डॉक्टर म्हणायचे, टेन्शन घेऊ नका. आणि आमचे हे — सुधीर — ते तर काय, "चारू, तुला काही झालेलं नाही, तू मनाला लावून घेतेस." बरं, घरात म्हणाले तर म्हणाले, सोसायटीतसुद्धा जिन्यात कुणी भेटलं की, "हिचं जरा मनाचं आहे." मनाचं! पुढे पुढे मलाही वाटायला लागलं हो, असेल बाई. सगळेच म्हणतात म्हटल्यावर — जाऊ दे.

मग एकदा शाळेत प्रार्थना चालू असताना धाडकन पडले. सगळ्या पोरांसमोर. हा दात बघा, खोटा आहे. तेव्हा कुठे इथल्या ह्या डॉक्टर, वैदेही मॅडमकडे आले. त्यांनी दिवसभर अंगावर मशीन बांधून ठेवलं, तेव्हा सापडले एकदाचे ते वाकडे ठोके. त्यांचा अभ्यासच चाललाय ह्याच्यावर — ज्यांचे ठोके बिघडतात त्यांच्यातल्या काहींच्या हृदयाला आतून सूज असते म्हणे, नि ती कार्डिओग्रामात कळत नाही. म्हणून हे इंजेक्शन. सूज असेल तिथे ते औषध जाऊन बसतं, नि कॅमेऱ्याला तेवढी जागा दिसते.

माझी पहिली तपासणी झाली तेव्हा हे बरोबर होते, मॅडमनी फिल्म त्या उजेडाच्या बोर्डावर लावली. पोटातलं सोडा, तिथे ते औषध सगळ्यांचंच दिसतं — पण छातीत, इथे डावीकडे, हा एवढा डाग. "ही सूज," मॅडम म्हणाल्या. आणि मी हसले! खरंच, खदखदून. मॅडम घाबरल्याच, त्यांना वाटलं हिला कळलेलं दिसत नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बोर्डाला नाक लावून उभे. मग म्हणाले, "एवढी?" — बस, एवढंच. घरी गेल्यावर चहा केला ह्यांनी. लग्नानंतर पहिल्यांदा! साखर विसरले. मी तसाच प्यायले, सांगितलंही नाही.

मग सूज उतरवायच्या गोळ्या सुरू. तोंड हे असं फुगलंय ते गोळ्यांनी हो, मूळची नाही मी अशी. पण हे! रस्ता ओलांडताना हात काय धरतात, बाजारात पिशवी काय घेतात. जिन्यात आता काय सांगतात, माहितीये? "हिच्या हार्टला सूज आहे, मी स्वतः बघितली." जशी काय ह्यांनीच शोधून काढली!

माझा नंबर? माझं झालं कधीच. सकाळीच, गोळ्यांनी सूज उतरली का ते बघायला परत काढलं. फिल्मपण बघितली — गेली सूज. ठोक्यांवर लक्ष ठेवायचं, पण डाग गेला म्हणाल्या मॅडम. हो मग, आनंदच की! आनंद आहेच. बसलेय आपली जरा पंख्याखाली. पीसीओ समोरच आहे, ह्यांच्या ऑफिसचा नंबर पाठ आहे — पण फोन करून सांगू काय? सगळं नॉर्मल आलं? आणि उद्या परत धडधडलं तर? तेव्हा दाखवायला काय आहे माझ्याकडे? वेडेपणा वाटेल तुम्हाला, पण त्या डागाकडे बघून सकाळी — म्हणजे तो नव्हता ना, त्या जागेकडे बघून — मला रडूच आलं. मॅडमना वाटलं, खुशीनं रडतेय.

तुमच्याही घरी मनाचंच आहे म्हणतात? बघा.

नाही, फोन नाहीच करत. घरी जाऊन, समोर बसवून सांगणार. ऐकताना ह्यांचं तोंड कसं होतं, ते बघायचंय मला. आणि हातबीत सोडला ना त्यांनी, तर मी —

अहो, तुमचंच नाव घेतायत. उठा, उठा. गळ्यातलं काढून ठेवा आधी. जा हो, माझं काय ऐकत बसलात!