वर्गाकडे पाठ

(ट्युनिशिया. केर्केना बेटावरून स्फाक्स शहराकडे निघालेली सकाळची फेरीबोट. वरच्या डेकवर बाकावर मुंजी बसला आहे. बोटीवरचा खलाशी तिजानी, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, दोर गुंडाळता गुंडाळता त्याच्याशी बोलतो आहे.)

तिजानी: ...सव्वादहाला फोन आला, स्फाक्सच्या दवाखान्यातून. बाई म्हणाली, "बहीजा तुमच्या कोण?" मी म्हटलं, बहीण. तर ती गप्पच झाली. तिथंच कळलं मला, दाजी. पुढचं तिनं सांगायच्या आधीच.

मुंजी: हे तू सांगितलंयस मला. चाळिसाव्या दिवसाच्या दुआला सांगितलंस.

तिजानी: सगळं नाही सांगितलं.

मुंजी: मग राहू दे.

तिजानी: नाही, आज ऐका. आज तुम्ही माझ्याच बोटीवर आहात, उठून कुठं जाणार? बहीण गेली म्हणून कळलं आणि मी पहिलं काय केलं असेल? घड्याळ बघितलं. रडलो नाही, काही नाही. म्हटलं, दोनच्या बोटीनं तिला बेटावर आणली तर असरच्या, दुपार उतरतानाच्या नमाजानंतर माती होईल. ती बोट चुकली तर रात्र तिला शवागारात काढावी लागेल, एकटीला. आणि लोकांना वेळेत कळायला हवं, कबर खणायला माणसं हवीत. म्हणून लगेच मशिदीत फोन लावला. म्हटलं, भोंग्यावरून पुकारा.

मुंजी: बरोबर केलंस.

तिजानी: काय बरोबर? तुम्हाला आधी सांगायला नको? मला वाटलं, दवाखान्यानं तुम्हाला कळवलं असणार. नवरा आहे म्हटल्यावर! दवाखान्याला वाटलं, मी कळवीन. अर्जावर नंबर माझा होता.

मुंजी: तुझा होता, कारण तिला भरती करायला तू गेलास. मी नव्हतो.

तिजानी: तुम्ही वर्गात होता.

मुंजी: तेच म्हणतोय.

तिजानी: पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन होतं, दाजी. लोक गुरुवारी जातात, शनिवारी घरी येऊन मासे साफ करायला बसतात. कुणाला माहीत होतं? आणि तिनंच तुम्हाला पाठवलं शाळेत. माझ्यासमोर म्हणाली, "याचं पहिलं वर्ष आहे, निरीक्षक पुन्हा येणार आहे, याला रजा घेऊ देऊ नकोस." मी साक्षीदार आहे.

मुंजी: अठरा वर्षं मी इंजिनं दुरुस्त करत होतो. तेव्हा तिला ताप आला तरी हातातला पाना टाकून घरी जायचो. कोण विचारणार होतं? मास्तर झालो आणि बायकोला दवाखान्यात एकटी सोडली.

तिजानी: भरती करताना मी होतो की.

मुंजी: तू होतास. म्हणून तर बरं.

तिजानी: कॉफी आणू?

मुंजी: नको.

तिजानी: आणतो. खालचा कॉफीवाला नौफल आज साखर कमी घालतोय, त्याच्या बायकोला साखर निघालीय म्हणून सगळ्या बोटीला पथ्य. ही आणली, धरा. आणि तो हात जरा खिशावरून काढा. किनारा सुटल्यापासून बघतोय, छातीवर हात ठेवून बसलाय. काय आहे तिथं?

मुंजी: पत्र.

तिजानी: कुणाचं?

मुंजी: माझं. शिक्षण कचेरीत द्यायचंय. नोकरी सोडतोय.

तिजानी: आं?

मुंजी: रजा संपतेय सोमवारी. आज दिलं तर सोमवारी जायला नको.

तिजानी: आणि करणार काय?

मुंजी: तुझ्या चुलत्याच्या नावेचं इंजिन खोकतंय म्हणालास ना?

तिजानी: खोकतंय कसलं, रक्त ओकतंय. तुमच्यासारखा हात नाही कुणाचा, ते खरं. पण दाजी... गणिताची पदवी अठरा वर्षं पेटीत पडली होती. ती बहीजानं काढली, इस्त्री केली. कागदाला इस्त्री! मी बघितलंय. सरकारनं जुन्या बेकार पदवीधरांना घ्यायचं ठरवलं तेव्हा अर्ज तिनं भरला, फोटो तिनं काढून आणला.

मुंजी: आणि मी स्फाक्सला वर्षभर ट्रेनिंगला. वर्गात सगळी तेवीस-चोवीसची पोरं. मला काका म्हणायची. पहिल्या दिवशी मी आत गेलो तर सगळे उठून उभे राहिले, त्यांना वाटलं मीच शिकवायला आलोय.

तिजानी: हा हा! हे तिनं सगळ्या गावाला सांगितलं होतं.

मुंजी: पण मला जमत नाही ते, तिजानी. हे मी तिला कधी म्हटलं नाही, तुला सांगतो. इंजिन बिघडलं तर ते कुठं बिघडलंय हे मला हात लावून कळतं. सव्वीस पोरं समोर असतात आणि कुणाला कळलं, कुणाला नाही, मला काही कळत नाही. मी ओरडतो. मग घरी येऊन लाज वाटते. फळ्यावर ओळ लिहितो ती उतरत जाते. निरीक्षकानं शेऱ्यात काय लिहिलं, माहितेय? "शिक्षक वर्गाकडे पाठ करून उभे राहतात."

तिजानी: म्हणजे?

मुंजी: म्हणजे मी फळ्याकडे तोंड करून बोलतो. पोरांकडे बघायला भीती वाटते, म्हणून लिहीत बसतो. तो शेरा वाचून बहीजा रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात माझा तास घ्यायची. ती स्टुलावर, मी दारावर खडूनं लिहितोय. पाठ जास्त वेळ केली की हरभरा मारायची. भिजवलेला नाही, कोरडा. नेम चांगला होता तिचा.

तिजानी: लहानपणी मला दगड मारायची. मग?

मुंजी: मग काय? अजून सापडतात हरभरे. परवा पिंप हलवलं तर खाली चार होते.

तिजानी: कॉफी प्या, दाजी.

मुंजी: तू सगळं सांगितलं नव्हतंस म्हणालास. मीही नाही सांगितलेलं.

तिजानी: सांगा.

मुंजी: त्या दिवशी चौथीला काटकोन होता. पुस्तकात चित्र आहे शहरातल्या चौकाचं, सिग्नल वगैरे. आपल्या पोरांनी कुठं बघितलाय सिग्नल? म्हटलं, सोडा पुस्तक. फळ्यावर आपला समुद्रातला, मासे धरायचा कुड काढला. खजुराच्या झावळ्या कशा ओळीनं रोवतात, मासा त्या भिंतीला धरून धरून कसा आत जातो, भिंत कुठं वळते. प्रत्येकाच्या घरचा कुड आहे, प्रत्येकाला माहिती. मी काढत होतो आणि वर्ग गप्प झाला, तिजानी. एकदम गप्प. बाक वाजेना, कुणी खोकेना. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, जमलं. मला वाटलं, आज घरी... आज दवाखान्यात फोन करून तिला सांगायचं, जमलं म्हणून.

तिजानी: दाजी...

मुंजी: माझे कान अठरा वर्षं इंजिनाशेजारी गेलेत. लांबचं मला नीट ऐकू येत नाही. मशिदीत तीनदा पुकारतात. पोरांनी पहिल्यांदाच ऐकलं. मी तिसऱ्यांदा. "मास्तर मुंजी यांची पत्नी." तोवर मी खूश होऊन झावळ्या काढत होतो.

तिजानी: माफ करा मला. दाजी, मला माफ करा.

मुंजी: तुझ्यावर राग नाही रे. राग असता तर तुझ्या बोटीवर आलो असतो का? माझा मी सांगतोय. तिसऱ्यांदा ऐकलं आणि मी वळलो नाही. हातात खडू होता. काढत राहिलो. मागं सव्वीस पोरं, त्यातल्या अकरा जणांचे शाळेचे एप्रन तिनं शिवलेले. मला माहीत होतं, वळलो की तेच दिसणार. गुलाबी आणि निळे. खिशावर तिची दुहेरी टीप. मी काढत राहिलो, फळा संपेपर्यंत. मग वसीलाबाई आल्या, मुख्याध्यापिका. त्यांनी दंडाला धरलं आणि भिंतीकडेनं मला बाहेर नेलं. मी पोरांकडे एकदाही बघितलं नाही. असा माणूस मास्तर होऊ शकतो का, तूच सांग.

तिजानी: मला काय कळतं? मी दोर बांधणारा माणूस.

मुंजी: म्हणून पत्र लिहिलंय.

हनीया: कोण पत्र लिहितंय? सरक रे तिजानी, बसू दे. खाली डिझेलच्या वासानं डोकं उठलं. अगंबाई, हा मुंजी! आता मास्तर म्हणायला हवं तुला. दोन महिन्यांत वाळलास की माझ्या टोपलीतल्या ऑक्टोपससारखा.

मुंजी: बसा, हनीयामावशी. स्फाक्सला?

हनीया: लेकीकडे. तिला दिवस गेलेत आणि तिला वाळवलेला ऑक्टोपसच हवा. शहरात काय मिळत नाही? पण नाही, बेटावरचाच हवा. बहीजाला अल्ला जवळ करो. माझ्या नातीचा एप्रन तिनं शिवला होता, अजून एक टाका उसवला नाही. इतर वस्तू ती पोर चार दिवसांत फाडते.

तिजानी: मावशी, तुमची नात चौथीला का?

हनीया: चौथीलाच. इन्साफ. याच्याच वर्गात की. काय रे मास्तर, ओळखत नाहीस? पुढचा दात पडलेली.

मुंजी: ओळखतो. दुसऱ्या बाकावर. खिडकीकडे.

हनीया: तुला सांगते, वेड लावलंय त्या पोरीनं. घरात शाळा-शाळा खेळते. धाकट्या दोघांना अंगणात बसवते, मांजराला बसवते, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहते कोळसा घेऊन. आणि उभीच! मागं बघतच नाही. मागची दोघं कंटाळतात, मांजर तर केव्हाच जातं. मी म्हटलं, बाई गं, मास्तरीण अशी असते का? वळ की जरा. तर मलाच दटावते. "थांब आजी. सीदींचं लिहून झालेलं नाही. सीदी वळेपर्यंत बोलायचं नसतं." सीदी म्हणजे तू, मास्तर.

मुंजी: असं म्हणाली?

हनीया: शाळेतही तेच म्हणे. वसीलाबाई सांगत होत्या, बदलीवर पोरगी आलीय ना एक शिकवायला, चांगली आहे बिचारी, पण तिला वर्ग फळा पुसू देईना. दोन दिवस बाजूला कागद चिकटवून शिकवलं तिनं. मग एका पोरानं ते चित्र वहीत उतरवून घेतलं, तेव्हा कुठं पुसला. आमची म्हणते, त्यात मासा काढायचा राहिलाय. कसला मासा, देव जाणे.

तिजानी: दाजी, कॉफी गार झाली.

मुंजी: असू दे.

हनीया: सोमवारी येणार ना शाळेत? तिला सांगते, म्हणजे माझी भिंत वाचेल. चुना लावून महिना झाला नाही अजून.

मुंजी: मावशी, मी चांगला मास्तर नाही.

हनीया: ते मला कशाला सांगतोस? माझ्या नातीला अजून पाढे येत नाहीत, मला माहितेय तू कसा मास्तर आहेस. मी विचारलं, सोमवारी येणार का?

तिजानी: मावशी, बंदर आलं. टोपली घेऊ का खाली?

हनीया: घे. सांभाळून. त्यातला एक तुझ्या दाजीला द्यायला लावू नकोस मला, मोजून आणलेत लेकीसाठी. येते रे मास्तर. जेवत जा.

तिजानी: या इकडून. पायरी ओली आहे.

मुंजी: तिजानी.

तिजानी: आलो, आलो. टोपली देऊन आलो. चला, दोर बांधलाय. कचेरी उघडली असेल, आत्ता गेलात तर रांग नाही लागणार. मी येऊ सोबत?

मुंजी: परतीची बोट किती वाजता?

तिजानी: हीच. अर्ध्या तासानं सुटते.

मुंजी: मग मी उतरत नाही.

तिजानी: आणि पत्र?

मुंजी: खिशात असू दे.

तिजानी: फाडून टाकता का? द्या, मी फाडतो. समुद्रात टाकतो.

मुंजी: नको. फाडायचं नाही. कदाचित पुढच्या महिन्यात द्यावं लागेल. मला अजूनही नाही वाटत जमेल म्हणून.

तिजानी: मग परत कशाला चाललाय?

मुंजी: बस जरा.

तिजानी: बसलो. सांगा.

मुंजी: सोमवारी वर्गात जायचंय. त्या दिवशी त्यांच्याकडे वळायचं राहिलंय.