बोळकीचा दात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मंजन कंपनीचे मालक, अर्थात आमचे साहेब. प्रमुख पाहुण्या म्हणून आवर्जून आलेल्या चित्रकार बाई. विक्री विभागाचे प्रमुख. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या स्टुडिओचे दादा. पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेल्या आमच्या वहिनी. आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे भिंतीला टेकलेली कारखान्यातली मंडळी, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

भाषण माझ्याकडे सोपवताना साहेब म्हणाले, "ताई, थोडक्यात आणि हसतखेळत." जाहिरातींच्या ओळी लिहिण्यात माझा जन्म गेला, तेव्हा थोडक्यात जमेल. हसतखेळतचं काही खरं दिसत नाही. प्रयत्न करते.

दादांनी या कंपनीसाठी काय केलं, हे तुम्हांला कुणी सांगायला हवं का? कचेरीच्या गच्चीवरची ती अवाढव्य दाढ कुणाची? म्हणजे तोंडात कुणाच्या नव्हे, डोक्यातून कुणाच्या आली? तिच्यावर आता कबुतरं संसार करतात, तो भाग वेगळा. बसथांब्यावरचा जबड्याच्या आकाराचा बाक आठवतो? एकेक दात म्हणजे एकेक बैठक, आणि मधला एक दात गायब. लोक चिडायचे, "एका माणसाची जागा फुकट घालवली की हो!" आणि चिडत चिडत आमच्याच मंजनाबद्दल बोलायचे. डब्याचं झाकणसुद्धा दादांचंच. ते बंद होताना 'टक्' असा आवाज यायलाच हवा म्हणून या माणसाने कारखान्यातल्या साचेवाल्यांना रडकुंडीला आणलं होतं. मागे कुणीतरी मान डोलावतंय, म्हणजे मी खोटं बोलत नाही.

पण दादांचं खरं काम म्हणजे बोळकी. आपल्या डब्यावरची मुलगी. दुकानात जाऊन कंपनीचं नाव कुणी घेतं का? "एक बोळकी द्या" म्हणतात. साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण आपली कंपनी कुणाला ठाऊक नाही. बोळकी सगळ्यांना ठाऊक आहे.

मुलांसाठी मंजन काढायचं ठरलं तेव्हा साहेबांच्या वडिलांना डब्यावर मोत्यासारख्या दातांचं गोजिरवाणं बाळ हवं होतं. दादांनी आणून ठेवली ती समोरचा दात पडलेली, तोंड भरून हसणारी मुलगी. थोरले साहेब भडकले. "दंतमंजनाच्या डब्यावर दात पडलेली पोर? डोकं ठिकाणावर आहे का?" दादा चित्र गुंडाळायला लागले. वाद घालणं त्यांना कधी जमलंच नाही. मग मीच खाली ओळ लिहिली, 'पडला तो दुधाचा, येईल तो आमचा.' थोरल्या साहेबांनी ती दोनदा वाचली आणि हसले. पुढचं तुम्ही सगळे जाणता.

ती मुलगी म्हणजे दादा-वहिनींची एकुलती एक लेक. दात पडला त्या दिवसापासून घरात तिला बोळकीच म्हणायचे. नवा दात कधी येतोय याची तिला भारी घाई. वहिनी रोज सकाळी तिच्या हिरडीवर बोट फिरवून बघायच्या, आला का. डबा बाजारात आला तेव्हा पोरगी दुकानादुकानांत जाऊन सांगायची, "ही मी आहे." त्याच वर्षी तिला ताप आला आणि त्यातून ती उठली नाही. सात वर्षांची होती. दात यायचा राहून गेला.

क्षमा करा, पाणी घेते.

त्यानंतर वहिनींनी तो डबा घरात येऊ दिला नाही. दुकानाच्या फळीवर तो दिसतो म्हणून त्या मान खाली घालून सामान घ्यायच्या. गच्चीवरची दाढ दिसू नये म्हणून लांबच्या रस्त्याने जायच्या. आणि दादा? दादा दुसऱ्या दिवसापासून इथे येऊन तोच चेहरा रंगवत बसायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "दादा, हे काम दुसऱ्या कुणाला द्या ना." ते म्हणाले, "दुसऱ्याच्या ती ओळखीची नाही."

आता आमची कामाची एक पद्धत सांगते. डबा जुनाट वाटू नये म्हणून दर काही वर्षांनी बोळकी नव्याने काढायची. मंजुरीच्या वेळी साहेबांच्या टेबलावर डावीकडे चालू डबा, उजवीकडे नवा. साहेब हाताच्या अंतरावर धरून दोन्ही बघायचे आणि म्हणायचे, "तीच आहे. चालू द्या." नवा डबा आला की जुना बाद. तुलना व्हायची ती फक्त आदल्या डब्याशी. पहिला डबा पुन्हा कुणी बाहेर काढलाच नाही. काढणार तरी कशाला? तीच तर होती!

आणि मग आल्या आपल्या प्रमुख पाहुण्या. बाजारातल्या वस्तूंची चित्रं करणं ही त्यांची कला. एकच चेहरा आपल्या डोळ्यांवर किती आदळतो आणि तो कसा कधीच बदलत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. लोकांनी बटणं, खिळे, सुईदोरा ठेवायला जपलेले जुने डबे त्यांनी घरोघरी फिरून जमवले आणि बुडाशी छापलेल्या सालाप्रमाणे एका भिंतीवर ओळीने लावले. छतापासून जमिनीपर्यंत नुसती बोळकी. कंपनीने मोठ्या हौसेने उद्घाटन ठेवलं. दादांच्या सन्मानासाठी म्हणून वहिनींनाही गळ घालून आणलं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

दिवे लागले. वरच्या रांगेत सात वर्षांची पोर. त्याखाली तिचा दात डोकावतोय. त्याखाली पुरता आलाय, किंचित वाकडा. मग गाल उतरलेत, वेण्या गेल्यात, हनुवटी वहिनींसारखी होत चाललीय. शेवटच्या रांगेत, म्हणजे परवापर्यंत आपण विकत होतो त्या डब्यावर, कानाजवळ एक पांढरी बट असलेली, समजूतदार हसणारी बाई. लेक असती तर आज जेवढी असती, तेवढीच. आपण सगळ्यांनी रोज सकाळी तिला पाहिलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

वहिनी भिंतीजवळ गेल्या. दात आलेल्या डब्यावर बोट ठेवलं. "आला का गं शेवटी," म्हणाल्या. मग हळूहळू खालच्या रांगांकडे सरकत गेल्या. एका डब्यापाशी थबकल्या आणि मागे न बघताच दादांना विचारलं, "केस कधी कापले हिने?"

दादा म्हणाले, "कॉलेजात गेल्यावर."

"मला विचारलं नाही."

"तू रागावली असतीस."

"शोभतात तिला," वहिनी म्हणाल्या, आणि तिथेच जमिनीवर बसल्या. मला रडू आवरेना. आत्ताही आवरत नाहीये, पण बोलते.

त्या भिंतीवर आई आपली लेक बघत होती आणि विक्रीप्रमुख आपला माल बघत होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा, मुलांच्या मंजनावर चाळिशीची बाई!" मी त्यांना दोष देत नाही. साहेब, तुम्हांलाही देत नाही. धंदा आहे. तुम्ही दादांना सांगितलंत, पहिल्यासारखी लहान बोळकी पुन्हा काढा, लोकांना जुन्याची ओढ असते. त्यावर या माणसाने नोकरीत पहिल्यांदा नकार दिला. "मोठी झालेली मुलगी मला लहान करता येणार नाही साहेब." एवढंच बोलले आणि ब्रश धुऊन ठेवले. म्हणून आज हा निरोप.

मुलीला लहान करायला आता माणूस लागत नाही. पहिलं चित्र यंत्रात घातलं आणि नवा डबा तयार झाला. तो इथे माझ्या उजव्या हाताला कापडाखाली आहे, पुरुषभर उंचीचा. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर छापलंय, 'सत्कारमूर्तींच्या हस्ते नव्या डब्याचे अनावरण'. हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं ते मी विचारणार नाही. दादांना मी काल म्हटलं, नाही म्हणा. ते म्हणाले, "जाऊ दे, कशाला वाद? लावतो हात."

नाही दादा. त्या कापडाखाली तोच पडलेला दात आहे. तिला तुम्ही हळूहळू मोठं केलंत. आता सगळ्यांच्या टाळ्यांत ती पुन्हा सात वर्षांची झालेली तुम्ही का बघायची? आणि वहिनींनी तरी का? आज सकाळपासून त्या सगळा बाजार पालथा घालून तो पांढऱ्या बटेचा डबा शोधत होत्या. दुकानदार म्हणायचे, जुना माल परत गेला. शेवटी एका कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला. इतक्या वर्षांनी तो डबा त्यांच्या घरी जाणार आहे. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत तोच आहे.

तेव्हा आता ऐका. खाली गाडी उभी आहे. तुम्ही दोघं उठा आणि निघा. तुम्ही बाहेर पडेपर्यंत मी आभार मानते. आभार मानणाऱ्याला कुणी मध्येच थांबवत नाही, हे एवढ्या समारंभांत मी शिकले आहे.

सर्वप्रथम अध्यक्ष महोदयांचे आभार. साहेब, बसून राहा, तुमचे आभार अजून संपलेले नाहीत. तुमच्या वडिलांनी दात पडलेली पोर स्वीकारली आणि तुम्ही दर वेळी 'तीच आहे' म्हणालात, म्हणून ती मोठी होऊ शकली. उठा वहिनी, पिशवी सांभाळा. प्रमुख पाहुण्यांचे आभार. बाई, तुम्हांला दाखवायचं होतं एक आणि दिसलं दुसरं, पण ते तुमच्यामुळेच दिसलं. दादा, इकडे बघू नका, डावीकडे पायरी आहे. खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार, मधली वाट रुंद ठेवलीत, ती आत्ता कामी येतेय. माइकवाल्यांचे आभार. साचेवाल्यांचे आभार, त्या 'टक्'बद्दल. दाराशी उभ्या असलेल्या मंडळींचे आभार. हो, उघडा दार, पूर्ण उघडा. हात द्या वहिनींना.

माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर साहेब, ते माझ्या एकटीचं समजा आणि पोटात घाला. दादांना यातलं काही माहीत नव्हतं.

खिडकीपाशी कोण आहे? जरा खाली बघता का? निघाली गाडी?

निघाली म्हणतात.

धन्यवाद. आता काढा ते कापड.